बर्फावरचे कासमभाई

कासमभाई सारंग पहिल्या भेटीत कुणालाच नाव विचारत नसत. ते आधी माणसाचे पाय बघत. मी रियाधला नवा होतो. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं ओढून मला मॉलमधल्या स्केटिंग रिंकवर नेलं होतं, आणि काउंटरला रेलून उभा असलेला हा बुटका, करड्या दाढीचा, पन्नाशीचा माणूस माझ्या चपलांकडे असा टक लावून बघत होता, की मला वाटलं पायाला काही लागलंय.

"नऊ नंबर," ते म्हणाले. "आनि उजवा पाय भायेर टाकतोस. लहानपणी सायकलवरनं पडलास काय?"

नुकताच मी फोनवर बायकोशी बोललो होतो, ते मराठी त्यांच्या कानावर पडलं असणार. मी पडलो होतो हे खरं, पण सायकलवरून नव्हे, पेरूच्या झाडावरून. तसं सांगितल्यावर त्यांनी "मग तेच ते" म्हणून विषय संपवला आणि मला बाकावर बसवून स्वतःच्या हातानं स्केट्सच्या नाड्या आवळल्या. इतक्या आवळल्या की डोळ्यांत पाणी आलं. मी कळवळल्यावर म्हणाले, "सैल बांधल्या तर रडशील. आता नुसता ओरडतोयस." मी नाशिकचा निकम, पाणी शुद्ध करणाऱ्या कंपनीतला इंजिनीअर. पुढची सहा-सात वर्षं या माणसानं मला असंच ओरडायला लावलं.

कासमभाई बाणकोटच्या खाडीकाठचे. रियाधला आले तेव्हा पहिली काही वर्षं एका हॉटेलच्या रिंकवर स्केट्स द्यायचं काम त्यांनी केलं, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा स्वतःच बर्फावर उतरून शिकले. नंतर ते बत्ह्यात, रियाधच्या जुन्या बाजारात, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात विक्रीला लागले आणि तिथलेच झाले. पण गुरुवारची संध्याकाळ त्यांनी कुणाला दिली नाही. कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाला, नाही, पाहुण्यांना नाही आणि आजारपणालाही नाही.

सौदीत आईस हॉकी म्हटलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. हसोत बापडे. बाहेर डांबर वितळत असताना मॉलच्या पोटात बर्फ असे आणि त्या बर्फावर आमची लीग चाले. कॅनडाचे, अमेरिकेचे, स्वीडनचे लोक, इस्पितळांतले तंत्रज्ञ, तेलवाले, बांधकामवाले, अशांच्या टीम. सामना बसवायचा तो मगरिब आणि इशा या दोन नमाजांच्या मध्ये. मगरिब झाली की सुरू, इशाची अजान झाली की बंद. नमाजेच्या वेळी मॉलची दुकानं शटर ओढत आणि रिंकही थांबे. बरोबरी झाली तर नमाजेनंतर पुन्हा उतरायचं, आणि जो आधी गोल करेल तो जिंकला.

कुठल्याच टीममध्ये न बसणारे जे उरले, त्यांची टीम आमची. सियालकोटचा शाहिद, दोन फिलिपिनो, एक लेबनानी, केरळचे दोघं भाऊ, मी. बाकीच्यांनी टीमना गरुड, लांडगे, वादळं अशी नावं दिली होती. कासमभाईंनी आमचं नाव ठेवलं 'बत्हा'.

"बाजाराच्या नावाची टीम कुठं असते का?" मी विचारलं.

"हाय ना. आपली."

लीगचा चषक म्हणजे दल्ला, अरबी कॉफीची लांब चोचीची पितळी किटली. चांगली घागरीएवढी होती. आम्ही त्या दल्ल्यासाठी तीनदा अंतिम फेरीत गेलो आणि तीनदा हात हलवत परत आलो. कासमभाई या हरण्याबद्दल कधी कुरकुरले नाहीत, पण मॉलच्या काचेच्या कपाटात ठेवलेल्या त्या किटलीसमोरून जाताना ते बोलायचे थांबत. नमाजेच्या ओळीत उभा असलेला माणूस जसा इकडेतिकडे बघत नाही, तसे नाकासमोर बघत चालत.

कॅप्टन म्हणून त्यांना आमच्याशी जे भांडण करावं लागलं, ते कॅनडातल्या कुठल्याही कॅप्टनला करावं लागलं नसेल. आम्ही सगळे गल्ली क्रिकेटवर वाढलेले. गल्लीत ज्याला काहीच येत नाही त्याला यष्टीमागे उभं करतात. म्हणून टीमनं एकमतानं मला, जेमतेम उभं राहता येणाऱ्याला, गोलात उभं केलं होतं. कासमभाई तेव्हा सुट्टीवर गावी गेले होते. परत आल्यावर त्यांनी डोक्याला हात लावला. आईस हॉकीत गोलकीपर हा सगळ्यांत तयार माणूस लागतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्यांनी मला काढलं नाही. "आता उभा राह्यलास ना? मग उभाच राहा. घडवतो तुला," म्हणाले, आणि पुढचे कित्येक शुक्रवार माझ्या अंगावर चकत्या मारत राहिले. चकती म्हणजे रबराचा काळा, टणक पक. ती गुडघ्याला लागली की आठवडाभर जिना चढताना आठवण करून देते.

दुसरं भांडण याहून चिवट होतं. या खेळात माणूस मिनिटभराच्या वर बर्फावर टिकत नाही. पाय पेटतात, श्वास संपतो. म्हणून खेळ चालू असतानाच बाकाकडे यायचं, बाकाच्या दारातून आत शिरायचं आणि ताज्या पायांच्या माणसाला पाठवायचं. कॅनडावाल्यांना हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आणि आम्ही? गल्लीत बॅट हातातून गेली की गेली, परत मिळत नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं. एकदा बर्फावर उतरलेला आमचा माणूस धापा टाकत, गुडघ्यात वाकत, तोंडाला फेस येईस्तोवर फिरत राही, पण बाकाकडे ढुंकूनही बघत नसे. शाहिद तर पाठ फिरवून खेळायचा, म्हणजे बाक दिसायलाच नको.

त्यावर कासमभाईंनी एकच शब्द काढला. "उतर!" बर्फावरून बाकावर ये, बाकीची हुशारी नंतर. हा शब्द ते अशा आवाजात टाकत की वरच्या मजल्यावर पिझ्झा खाणारी मुलं खाली डोकावत. हळूहळू तो सगळ्यांच्या तोंडी बसला. फिलिपिनो "उतर" ओरडू लागले, लेबनानी "उतर" ओरडू लागला. कॅनडाच्या टीमचा कॅप्टन डग, सहा फुटांच्या वरचा, लाल दाढीचा, इस्पितळात यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, त्यानं एकदा मला गंभीरपणे विचारलं की हा तुमचा देव आहे का.

नुसतं ओरडून भागेना, म्हणून त्यांनी कवायत सुरू केली. दुकानामागच्या पार्किंगमध्ये लाकडी बाक ठेवायचा. दोघांनी धावायचं, तिसऱ्यानं बसायचं. टाळी वाजली की धावणाऱ्यानं येऊन बसायचं आणि बसलेल्यानं उठून धावायचं. एका शुक्रवारी चार देशांचे आठ जण असे बाकावर उठबस करत असताना पोलिसांची गाडी येऊन थांबली. शिपायानं काच खाली केली आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग कासमभाईंना बोलावून विचारलं, हे काय चाललंय?

"तमरीन," कासमभाई म्हणाले. व्यायाम.

"कशाचा?"

"उठण्याचा."

शिपायानं इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, मागितले, सगळ्यांचे बघितले, परत दिले आणि जाता जाता म्हणाला की माझ्या मेव्हण्यालाही घेऊन जा, त्याला उठण्याचीच अडचण आहे. कासमभाईंनी ते मनावर घेऊन मेव्हण्याचा फोन नंबर मागितला.

गावी मात्र त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. त्यांच्या बायकोचं, सकीनाभाभींचं, फोनवरचं बोलणं मी कितीदा ऐकलंय. "वाळवंटात बर्फ? गप बसा. शीतगृहात नोकरी लागली असंल, सांगायला लाज वाटते." एकदा कासमभाईंनी हेल्मेट, पॅड, जाड हातमोजे अशा थाटातला फोटो पाठवला, तर गावात बातमी झाली की कासम अवकाशात जाणार आहे. हे सांगताना ते इतके हसत की खोकला लागे. तो थांबला की म्हणत, "एकदा तो दल्ला घेऊन जातो. मग बगू कोन काय बोलतो."

मग सौदीकरणाचे नियम एकेक धंद्याला लागत लागत सुट्या भागांच्या दुकानांपर्यंत आले. काउंटरवर सौदी माणूसच हवा. कासमभाईंच्या कफीलनं त्यांना बोलावून चहा दिला, डोळ्यांत पाणी आणलं आणि सांगितलं की पुढच्या वर्षी तुला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी, तोवर या फहदला तयार कर. फहद तिशीचा, दोन मुलांचा बाप, हाइलकडचा. आधी कुठल्याशा सरकारी ऑफिसात कंत्राटी होता. त्याला ब्रेकचं पॅड आणि क्लचची प्लेट यांतला फरक कळत नव्हता, आणि सकाळी लवकर उठणं त्याच्या पिढीजात सवयीत नव्हतं.

त्या वर्षी बत्ह्यात जिकडेतिकडे हेच चाललं होतं. कुणी आपल्या जागी येणाऱ्याला शिकवत होता, आणि चहाच्या टपरीवर सल्ले देणारे काही कमी नव्हते. निम्मं शिकव, निम्मं ठेव. चुकीचा रॅक दाखव. आपल्याशिवाय दुकान चाललं नाही तर परत बोलावतील. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू. मी कासमभाईंना तसं सुचवलं.

"अर्धा शिकवलेला मानूस म्हंजे सैल बांधलेला स्केट," ते म्हणाले. "तो पडंल. आनि पडताना बोट कुनाकडं दाखवील? माझ्याकडं. बावीस वर्सं मी काउंटरला उभा हाय, निकम. माझ्या नावानं चुकीचा पार्ट कुनाच्या गाडीत बसला नाय पायजे. मी असो, नसो."

आणि त्यांनी फहदला पिळून काढलं. उशिरा आला तर त्याच्या आईला फोन. पार्ट चुकीचा काढला तर तो हातात धरून दिवसभर उभं राहायचं. फहद आधी भडकला, कफीलकडे तक्रारही करून आला. मग एका गुरुवारी, हा म्हातारा दर आठवड्याला पिशवी घेऊन कुठं पळतो हे बघायला मागोमाग मॉलमध्ये आला. त्यानं कासमभाईंना बर्फावर पाहिलं आणि काउंटरला येऊन स्केट्स मागितले. कासमभाई त्याच्या पायांकडे बघून म्हणाले, "दहा नंबर. आनि आळशी." पुढच्या मोसमात फहद आमच्या टीममध्ये होता. स्केटिंग बेताचं, दम मात्र चांगला. कासमभाई बाकावर आले की त्यांच्या जागी फहदनं उतरायचं, असं त्यांनीच ठरवलं.

तो मोसम त्यांचा शेवटचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते स्वतः तसं बोलून दाखवत नसत, पण सरावाला आम्ही त्यांच्या आधी हजर राहू लागलो. उपांत्य फेरीत अमेरिकनांनी आमच्यावर सुरुवातीलाच दोन गोल केले. दोन्ही माझ्या पायांमधून. आमची पाचावर धारण बसली, जो तो चकती मिळेल तिकडे भिरकावू लागला. तेव्हा कासमभाई चकती घेऊन माझ्या गोलाच्या मागं गेले आणि तिथं थांबले. चक्क थांबले. समोर अमेरिकन उभे, डावीकडून जावं की उजवीकडून या विचारात. आणि हे गोलाच्या जाळीआडून शांतपणे माझ्याशी बोलतायत.

"निकम, श्वास घेतलास?"

"घेतो."

"अजून एक घे. घाई नाय. चकती आपल्याकडं हाय तवर त्यांना काय करता येनार नाय."

सगळा रिंक थबकला होता. आमच्या पोरांनी पण श्वास घेतला असावा, कारण ते मागून बाहेर पडले तेव्हा शाहिद बरोबर हव्या त्या जागी पोचला होता. तो पहिला गोल. दुसरा कासमभाईंनी स्वतः केला. मग शेवटच्या काही मिनिटांत त्यांनी दोन सणसणीत फटके अंगावर घेतले, एक नडगीवर, एक बरगडीवर, आणि लंगडत लंगडत बाकाकडे आले. हो, आले. त्याही स्थितीत आपली पाळी संपल्यावर ते वेळेवर उतरले आणि फहदला पाठवलं. तिसरा गोल त्या पाळीत झाला. असा खेळ मी नंतर कुणाचा पाहिला नाही, आणि टीव्हीवर मोठमोठे खेळाडू पाहूनही माझं मत बदललेलं नाही.

अंतिम फेरी डगच्या टीमशी. तीन सामने, तीन गुरुवार, दोन जिंकेल त्याचा दल्ला. पहिला आम्ही जिंकलो. कासमभाईंच्या विमानाचं तिकीट कफीलनं तिसऱ्या गुरुवारचं काढलं होतं, रात्रीचं. म्हणजे दुसरा सामना जिंकला तर दल्ला हातात घेऊन, निवांत आवराआवर करून जायचं. हे गणित टीममधल्या प्रत्येकानं मनात मांडलं होतं. त्यांनीही मांडलं होतं, हे आम्हाला त्या संध्याकाळी कळलं.

दुसरा सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. इशाच्या अजानेला थोडाच वेळ राहिलेला. कासमभाईंची पाळी संपली. फहद बाकाच्या दाराशी उभा राहिला, स्टिक तयार. कासमभाईंनी बाकाकडे पाहिलं. मी गोलातून स्पष्ट बघितलं, त्यांनी पाहिलं. आणि ते परत वळले.

आम्हाला आधी वाटलं, एखादी संधी दिसली असेल. पण ते बाकाकडे आलेच नाहीत. एकदा चकती मिळवली, गमावली, पुन्हा मिळवली. पाय जड झाले होते, ते उघड दिसत होतं. खांदे वर-खाली होत होते. बाकावरून फहद ओरडला, "उतर!" मग शाहिद ओरडला. मग सगळा बाक उभा राहून ओरडू लागला, सियालकोटचे, मनिलाचे, बैरूतचे, हाइलचे आवाज, सगळे एका मराठी शब्दात. ते ऐकत नव्हते. ज्या माणसानं आम्हाला तो शब्द शिकवला, तो तोंडाला फेस येईस्तोवर बर्फावर फिरत राहिला, अगदी आमच्यासारखा.

शेवटी डग त्यांच्या बाजूनं सरळ निघून गेला. ताज्या पायांच्या कासमभाईंनी त्याला तीनदा अडवलं असतं. त्या वेळी त्यांनी नुसता हात पुढं केला. गोल झाला, आणि पाठोपाठ अजान झाली.

कपडे बदलायच्या खोलीत फहद त्यांच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "मालेश, कासम." जाऊ दे.

"मालेश नाय," कासमभाई म्हणाले. ते मराठीतच बोलत होते, आणि सगळ्यांना समजत होतं असं मला अजून वाटतं. "पायांनी कधीच सांगितलं होतं. मी बाक बघितला. दार उघडं दिसलं. आनि मला उतरवेना रे. आता उतरलो का परत चढायला मिळायचं नाय, असं काळजात आलं. इतकी वर्सं सगळ्यांना उतरवलं, आनि मला उतरवेना." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी पॅड काढायच्या निमित्तानं खाली वाकलो, तो बराच वेळ वर आलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीवर गेलो तर ते ट्रंकेला दोरी बांधत होते. आवाज नेहमीचा, खणखणीत.

"पुढच्या गुरवारी मी स्केट घालनार नाय."

मला वाटलं रागानं म्हणतायत. मी समजावू लागलो. विमान रात्रीचं, सामना इशाच्या आधी संपतो, खेळून सरळ विमानतळावर जाता येईल, सामान आम्ही पोचवतो. टीमला ते हवे होते. दल्ला त्यांनाच हवा होता.

"दल्ला पायजेच," ते म्हणाले. "म्हनून तर. काल मला उतरवेना, आनि ती माझी शेवटची मॅच नव्हती. गुरवारी शेवटची असंल. मग कसा उतरेन? मी मला वळखतो, निकम. फहदला माझ्या जागी पहिल्यापासनं खेळव. मी दारावर उभा राहातो."

टीमनं पुष्कळ आदळआपट केली. शाहिद तर म्हणाला, तुम्ही नाही तर मीही नाही. कासमभाईंनी त्याला एवढंच विचारलं, "तू कुनासाठी खेळतोस? माझ्यासाठी का दल्ल्यासाठी?" शाहिद म्हणाला, तुमच्यासाठी. "मग दल्ला आन," ते म्हणाले.

तिसऱ्या गुरुवारी ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले, पायात नवे काळे बूट, हातात बॅग. ट्रंक खाली टॅक्सीत होती. त्यांनी बॅग बाकाखाली सारली आणि बाकाच्या दाराशी उभे राहिले. त्या दाराला एक वाकडी कडी होती, ती नीट लागत नसे. सबंध सामनाभर ते ती कडी उघडत आणि लावत राहिले. कोण थकलाय ते त्यांना त्या माणसाच्या आधी कळे. ते दार उघडून धरत आणि बर्फावरचा माणूस ते उघडं दार बघून निमूट आत येई. त्या दिवशी ओरडायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही. आम्ही दोन गोल केले, डगच्या टीमनंही दोन केले. बरोबरी. अजान झाली.

तो सामना आम्ही जिंकलो, हे आत्ताच सांगून टाकतो. नमाजेनंतर पुन्हा उतरलो तेव्हा दारावर कुणीच नव्हतं. पहिल्या काही मिनिटांतच चकती फहदकडे आली. समोर जागा होती, तो एकटा होता, कुणीही घुसला असता. पण त्याचे पाय संपले होते. त्यानं चकती लांब कोपऱ्यात ढकलली, स्वतः बाकाकडे आला, ती वाकडी कडी स्वतःच उघडली आणि आत कोसळला. त्याच्या जागी शाहिद ताज्या पायांनी सुटला, कोपऱ्यातून चकती काढली आणि गोल केला. दल्ला मिळाला. फहदनं त्याच्या चोचीत पेप्सी ओतली. रात्री सगळ्यांचा दल्ल्याबरोबरचा फोटो त्यानं कासमभाईंना पाठवला. दोन दिवसांनी बाणकोटहून उत्तर आलं, "शाहिदची नाडी सुटलेली दिसते." बाकी एक अक्षर नाही. दल्ला पुढं फहदनंच कुणाच्या तरी सामानातून गावी पाठवला, सकीनाभाभी आता त्यात घरच्या विहिरीचं पाणी भरून ठेवतात असं कळतं. पण मला कासमभाई आठवतात ते यातले नाहीत. मला आठवतो तो त्याआधीचा, अजानेनंतरचा थोडासा वेळ.

अजान झाल्यावर दोन्ही टीममधले मुसलमान खेळाडू स्केट्स काढून, मोज्यांवरच, काउंटरमागच्या मोकळ्या जागेत नमाजेला उभे राहिले. मॉलची शटर्स खाली आली. संगीत थांबलं. बर्फ गुळगुळीत करणारी गाडीही मध्येच उभी राहिली. आमच्या टीममध्ये माझ्याखेरीज सगळेच मुसलमान, त्यामुळे आमच्या बाकावर मी एकटा, पलीकडच्या बाकावर डग आणि त्याचे लोक. कासमभाई नमाजेला गेले नाहीत. त्यांनी बाकाखालून बॅग ओढली.

"मी विमानतळावर पढेन. टॅक्सीवाला बोंबलतोय."

"थांबा ना थोडं. सगळे येतील आता. भेटून तरी जा."

"म्हनून तर आता निघतोय. ते आले का मिठ्या मारनार, रडनार, आनि पाय गार पडनार. मॅच अर्धी हाय अजून." त्यांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "आनि फोन करू नको मला. जिंकलात तर मला हुरहुर लागंल मी नव्हतो म्हनून, हरलात तर वाटंल मी असतो तर. दोनीकडनं मेलो. फहदला सांग, डग डावीकडनं येतो." मग त्यांनी माझ्या नाड्या वाकून बघितल्या, एक ओढून घट्ट केली आणि उठले.

बाहेर जायची वाट डगच्या बाकावरून होती. कासमभाई बॅग ओढत त्या बाजूनं निघाले. हॉकीत कुणाला मान द्यायचा तर स्टिक फळीवर आपटतात, ती त्या लोकांची टाळी. डगनं स्टिक उचलली. त्याच्यामागं बाकीच्यांनीही उचलली. मी हातानंच त्याला थांबवलं, कारण भिंतीपलीकडे नमाज चालू होती आणि इमामाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. डगला समजलं. त्यानं स्टिक आवाज न करता फळीला टेकवून ठेवली, हेल्मेट काढलं आणि उभा राहिला. मग त्याचा अख्खा बाक उभा राहिला. मीही इकडे उभा होतो.

कासमभाई थांबले. त्यांनी त्या सगळ्या उंच, घामेजल्या लोकांकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, नेहमीसारखं पायांपासून सुरुवात करून. त्यांचा चेहरा हलला, मला वाटलं आता बांध फुटतोय. पण त्यांनी हात खाली करून सगळ्यांना खूण केली.

"सिट, सिट," ते डगला हळू आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू पन बस रे. उभं राहून पाय कशाला घालवतोस? अजून खेळायचं हाय."

एवढं बोलून ते शटरखालून वाकून बाहेर गेले. आणि आम्ही सगळे, डगचे लोक आणि मी, मुकाट्यानं खाली बसलो.